दुष्यंताची हुरहूर : प्रेमपटांतील मुंबई आणि समीक्षेचा विसर

१

मुंबईविषयी मराठीत आज जे लिहिले जाते, त्यात एका विशिष्ट प्रकारची हळहळ सर्वत्र पसरलेली आढळते. ही हळहळ वृत्तपत्रांच्या रविवार पुरवण्यांपुरती राहिली असती, तर तिची दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु आता ती समीक्षेच्या परिभाषेत बोलू लागली आहे. चर्चासत्रांतील निबंध, पदव्युत्तर पातळीवरील प्रबंधिका आणि नगरजाणिवेचा विचार करू पाहणारे लेख यांत एक युक्तिवाद वारंवार भेटतो. तो थोडक्यात असा : ‘पिया का घर’ (१९७२), ‘रजनीगंधा’ (१९७४), ‘छोटी सी बात’ (१९७६), ‘घरोंदा’ (१९७७), ‘बातों बातों में’ (१९७९) या मध्यमवर्गीय प्रेमपटांनी एक साधी, माणुसकीची, चालत फिरता येण्याजोगी मुंबई टिपून ठेवली, ती मुंबई आता नाहीशी झाली, म्हणून हे चित्रपट त्या नगराचे दस्तऐवज ठरतात आणि त्यांच्याविषयी आज वाटणारी ओढ हा नगरजाणिवेचा अस्सल आविष्कार ठरतो.

या युक्तिवादाच्या तिन्ही पायऱ्या मला अमान्य आहेत. ‘टिपून ठेवली’ हे खरे नाही. ‘नाहीशी झाली’ हे अर्धवट खरे आहे. आणि ‘अस्सल’ हा शब्द तर येथे विचार पुढे नेण्यासाठी वापरलेला नसून तो थांबवण्यासाठी वापरलेला आहे.

हा लेख मी भाईंदर पश्चिमेत बसून लिहीत आहे. ही माहिती आत्मचरित्राचा तुकडा म्हणून दिलेली नाही. ती युक्तिवादाचा भाग आहे. चर्चगेटपासून सुमारे ४३ किलोमीटरवर, दहिसरचा नाका ओलांडल्यावर, ठाणे जिल्ह्यात हे गाव आहे. वर उल्लेखिलेल्या चित्रपटांतील एकाही प्रेमिकाला येथे येण्याचे कारण पडलेले नाही. मात्र ज्या चाळींच्या आठवणीने समीक्षकांचे डोळे पाणावतात, त्या चाळींतील पुष्कळ कुटुंबे अखेर येथे, याच्या अलीकडे किंवा खाडीपलीकडे नायगाव-वसई-विरारला येऊन राहिली. त्यामुळे ‘हरवलेली मुंबई’ ही वस्तू नेमकी कोठे हरवली आणि कोणाला सापडत नाही, हा प्रश्न येथून जरा वेगळा दिसतो.

२

प्रथम दस्तऐवजाच्या दाव्याचा विचार करू.

‘रजनीगंधा’ हा चित्रपट मन्नू भंडारी यांच्या ‘यही सच है’ या हिंदी कथेवर आधारलेला आहे. कथेतील दोन शहरे कानपूर आणि कलकत्ता ही आहेत. बासू चटर्जी यांनी ती दिल्ली आणि मुंबई अशी बदलली, आणि कथेला काही बिघडले नाही. कारण तिचा विषय शहर नसून दोन प्रेमांत अडकलेल्या एका स्त्रीचे मन हा आहे. ‘छोटी सी बात’ची गोष्ट याहून बोलकी आहे. बसथांबा, फोर्टमधील कचेऱ्या, जहांगीर कलादालनातील ‘समोवार’ उपाहारगृह यांमुळे हा चित्रपट मुंबईपणाचा अर्क मानला जातो. त्याचे मूळ मात्र ‘स्कूल फॉर स्काउंड्रल्स’ या १९६० सालच्या ब्रिटिश विनोदी चित्रपटात आहे. बुजऱ्या नायकाने एका वडीलधाऱ्या गुरूकडे जाऊन धीट होण्याची विद्या शिकावी, ही कल्पना लंडनहून आली आणि खंडाळ्याला येऊन अशोककुमारांच्या कर्नलमध्ये स्थिरावली. यात कमीपणा काही नाही. रूपांतर ही एक मान्य कलाकृती आहे. प्रश्न इतकाच आहे, की ज्या कथांत शहर इतक्या सहजपणे बदलता येते, त्यांत त्या शहराचे सत्त्व साठवले आहे असे आपण कोणत्या आधारावर म्हणतो?

उत्तर दिले जाते ते चित्रचौकटीच्या आधारावर. कथा कोठचीही असो, कॅमेऱ्याने रस्ते तर खरे टिपले, असे म्हटले जाते. हे मान्य करू. पण कोणते रस्ते? चर्चगेट, फ्लोरा फाउंटन, मरीन ड्राइव्ह, वांद्रे. लालबाग-परळच्या गिरण्या त्या काळी चालू होत्या. त्यांचे भोंगे या चित्रपटांत ऐकू येत नाहीत. ज्या १९७२ साली ‘पिया का घर’ आला, त्याच साली नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ प्रसिद्ध झाला आणि दलित पँथरची स्थापना झाली. ज्या १९७४ साली ‘रजनीगंधा’ आला, त्या वर्षीच्या जानेवारीत वरळीला दंगल झाली आणि मे महिन्यात देशभर रेल्वे संप झाला. ‘छोटी सी बात’ पडद्यावर आला तेव्हा देशात आणीबाणी होती. कलाकृतीने हे सारे सांगितलेच पाहिजे असा माझा आग्रह नाही. प्रेमपटाला प्रेमापुरते पाहण्याचा अधिकार आहे. परंतु जे वगळणे कलाकृतीच्या बाबतीत निवड ठरते, तेच वगळणे समीक्षकाने ‘शहर’ म्हणून स्वीकारले की दिशाभूल ठरते. चौकट ही दिग्दर्शकाची होती. तिला नकाशा समीक्षकांनी केले.

आणखी एक गोष्ट नोंदवायला हवी. ‘छोटी सी बात’च्या नायकाचे नाव अरुण प्रदीप आहे. हे आडनाव कोणत्या प्रांताचे, कोणत्या जातीचे, कोणत्या गावचे? मुद्दाम कोठलेच नाही. मुंबईत आडनाव ऐकल्यावर जे काही घडते — खोली मिळते किंवा मिळत नाही, ओळख वाढते किंवा तेथेच थांबते — ते या शहरात घडूच शकत नाही. याच मुंबईच्या नाक्यानाक्यांवरची पोरे भाऊ पाध्ये यांनी ‘वासूनाका’मध्ये १९६५ सालीच उभी केली होती. तेथे माणसांना आडनावे आहेत, भाषा आहे, वास आहे. मग साधेपणाचा गौरव करताना या पुस्तकाची आठवण का होत नाही? कारण त्या साधेपणाची पूर्वअट आडनाव पुसणे ही आहे, आणि ती अट मान्य केल्याचे आपल्याला कबूल करायचे नाही.

तीच गोष्ट नायिकेच्या पाठीमागे रोज बसथांब्यापासून कचेरीपर्यंत जाणाऱ्या नायकाची. या पाठलागाला आज ‘त्या काळाची निरागसता’ म्हटले जाते. महिलांच्या डब्यातून रोज दोन-दोन तास प्रवास करणाऱ्या वाचकाने हे विशेषण कसे वाचावे, याचा विचार हे विशेषण वापरणारे करीत नाहीत.

३

आता दुसरा मुद्दा. हे चित्रपट स्मरणरंजनपर नाहीत. फ्रेडरिक जेमसन यांनी ज्याला स्मरणरंजनाचा चित्रपट म्हटले, तो भूतकाळाची शैली वर्तमानात विकणारा चित्रपट असतो. ‘घरोंदा’ असा नाही. तो स्वतःच्या वर्तमानाविषयी होता, आणि ते वर्तमान सुखाचे नव्हते.

भीमसेन यांनी दिग्दर्शित केलेल्या, शंकर शेष यांच्या कथेवरील या चित्रपटात एका कचेरीत काम करणारे दोघे प्रेमिक घर शोधत फिरतात. पै-पै साठवून ते एका बांधकाम व्यावसायिकाकडे पैसे भरतात. तो पैसे घेऊन नाहीसा होतो. त्याच फसवणुकीत बुडालेला नायकाचा मित्र आत्महत्या करतो. मग नायकच नायिकेला सुचवतो, की तिने आपल्या वयस्क, हृदयविकाराने आजारी मालकाशी लग्न करावे. तो फार दिवस जगणार नाही, नंतर घर आणि पैसा दोन्ही आपलेच. डॉ. श्रीराम लागू यांनी रंगवलेला तो मालक मरत नाही, आणि नायिका त्या संसारात मनाने रमत जाते. जागेच्या टंचाईने प्रेमाला काय करायला लावले, याची इतकी निर्दय कथा हिंदी चित्रपटांत क्वचितच आली असेल. तरी आज ‘घरोंदा’ म्हटले की आठवते ते दोन प्रेमिकांचे गाणे. गाणे चित्रपटातून सुटे झाले आहे, मित्राची आत्महत्या मागे राहिली आहे, आणि सुट्या गाण्याला आपण नगरप्रेम म्हणतो आहोत.

मराठीतील उदाहरण अधिक जवळचे आहे. राजा ठाकूर यांचा ‘मुंबईचा जावई’ (१९७०) हा ‘पिया का घर’चा मूळ मराठी अवतार. सुधीर फडके यांचे संगीत आणि माडगूळकरांची गीते यांमुळे तो घराघरांत टिकून आहे. त्याचा विषय काय? एका खोलीत राहणाऱ्या मोठ्या कुटुंबात नवविवाहितांना एकांत मिळत नाही. हा विनोदाचा विषय आहे. तसाच तो घरांच्या राजकीय अर्थशास्त्राचाही विषय आहे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली, मालकांनी दुरुस्तीकडे पाठ फिरवली, पागडीचा व्यवहार बळावला, आणि कुटुंब वाढले तरी खोली तेवढीच राहिली. चित्रपटाने ही कोंडी घरच्यांच्या मायेने सोडवली. त्या मायेत खोटे काही नव्हते. पण तिने खोलीचे क्षेत्रफळ वाढले नाही. प्रत्यक्षात ही कोंडी पडद्यावर सुटली त्याहून निराळ्या रीतीने सुटली. धाकट्या भावाने बिऱ्हाड हलवले.

माझ्या वडिलांनी ते हलवले. गिरगावातील खोली आजीच्या पश्चात विकली गेली, पैसे दोघा भावांत वाटले गेले, आणि आमच्या वाट्याच्या पैशांत जे बसले ते भाईंदरला बसले. ताबा ठरल्यापेक्षा दोन वर्षे उशिरा मिळाला आणि पहिली काही वर्षे पाणी टँकरने आले. यात असामान्य काहीच नाही. या परिसरातील कोणत्याही इमारतीत असे सांगणारे चार जण सहज भेटतील. तरीही हे मी येथे मांडतो आहे, कारण ‘मुंबईचा जावई’चा पुढचा अंक येथे घडला, आणि तो अंक आपल्या समीक्षेने पाहिला नाही. दूरदर्शनवर तो चित्रपट लागला की माझी आई पदर तोंडाला लावून हसत असे. मी तिला एकदाही हळहळताना पाहिले नाही. ती त्या खोलीत राहिलेली होती.

४

माझ्या विरोधकांकडे एक भक्कम शास्त्राधार आहे, आणि तो ते वापरतातही. न अनुभवलेल्या गोष्टीची ओढ लागते याला आपल्या परंपरेत मान्यता आहे, असे ते म्हणतात. ‘शाकुंतला’च्या पाचव्या अंकात हंसपदिकेचे गीत ऐकून दुष्यंत अकारण पर्युत्सुक होतो. रम्य काही पाहिले, मधुर काही ऐकले की सुखी माणसालाही हुरहूर लागते. पूर्वजन्मींची प्रेमे नकळत आठवत असावीत, असे तो मनाशी म्हणतो. अभिनवगुप्ताने रसास्वादाच्या विवेचनात हा श्लोक घेतला आहे. मग १९७० नंतर जन्मलेल्या प्रेक्षकाला त्या काळची मुंबई पाहून हुरहूर लागली, तर तिला खोटे कसे म्हणावे?

खोटे म्हणू नये. पण श्लोक पुढे वाचावा. निदान अंक तरी पुढे वाचावा. दुष्यंताला जी हुरहूर लागते, ती कोणाची आहे? पूर्वजन्मीच्या कोणाची नव्हे. ती शकुंतलेची आहे, आणि शकुंतला त्याच दिवशी, त्याच्या मुलाला पोटात घेऊन, त्याच्या दाराशी येते आहे. दुर्वासाच्या शापामुळे त्याला ती आठवत नाही. थोड्याच वेळात ती समोर उभी राहील आणि तो तिला ओळखणार नाही. ती कोण, कोठली, असे भर सभेत विचारील. कालिदासाने हुरहूर आणि अव्हेर एकाच अंकात ठेवले आहेत. अस्पष्ट ओढ आणि स्पष्ट नकार ही एकाच विस्मरणाची दोन रूपे आहेत, हे या रचनेत स्वच्छ दिसते. आपल्या समीक्षकांनी अंकाचा पूर्वार्ध घेतला आणि उत्तरार्ध टाकून दिला.

मुंबईच्या स्मरणरंजनाची रचना नेमकी हीच आहे. चाळीच्या गॅलरीसाठी ज्याला गहिवरून येते, त्याच्या समोर त्या चाळीची माणसे भाईंदरहून सुटणाऱ्या गाडीतून उतरतात, आणि तो त्यांना ‘गर्दी’ म्हणतो. ज्याला हरवलेला शेजार हवा असतो, तोच उपनगराला ‘बकाल’ हे एक विशेषण लावून मोकळा होतो. २०११ च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची लोकसंख्या ८ लाखांहून अधिक होती. एवढी माणसे ज्या शहरात राहतात, त्याला ‘शहराबाहेर’ म्हणण्यासाठी बरेच विसरावे लागते.

या विसराचे एक उदाहरण माझ्या मनातून जात नाही. माझ्या एका विद्यार्थिनीने काही वर्षांपूर्वी ‘चित्रपटांतील हरवलेली मुंबई’ या विषयावर प्रबंधिका लिहिली. भाषा स्वच्छ, संदर्भ व्यवस्थित, निष्कर्ष अपेक्षित. ती राहत होती मुर्धे गावात. उत्तनच्या रस्त्यावर, जेथे अजून मिठागरांच्या खुणा आहेत आणि जेथून पुढे कोळ्यांची ख्रिस्ती वस्ती लागते. तिचे आजोबा मिठागरात राबलेले. घरात बोलली जाणारी मराठी वर्गात बोलल्या जाणाऱ्या मराठीहून वेगळी. मी तिला विचारले, की तुझ्या प्रबंधिकेत हे कोठे आहे? ती म्हणाली, “सर, विषय मुंबई आहे ना.” तिचे उत्तर चुकीचे नव्हते. आम्हीच तिला मुंबई म्हणजे काय ते शिकवले होते. ज्या बसथांब्यावर ती कधी उभी राहिली नाही, त्याच्यासाठी तिने पंचाहत्तर पाने हळहळ केली, आणि ज्या खाडीच्या काठी ती वाढली, तिच्यासाठी तिला एक वाक्य सुचले नाही. तिला ते सुचू नये अशी व्यवस्था आपल्या अभ्यासक्रमांनी, आपल्या संदर्भसूचींनी आणि आपल्या आर्द्रतेने केली आहे. माझी तक्रार विद्यार्थिनीविषयी नाही. मी त्या प्रबंधिकेला चांगले गुण दिले, हीच माझी तक्रार आहे.

५

येथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. स्मरणाला इतके तोडून टाकले तर विस्थापितांनी आठवावे तरी काय? स्वेतलाना बॉइम यांनी स्मरणरंजनाचे दोन प्रकार केले आहेत : एक, हरवलेले घर जसेच्या तसे पुन्हा उभारू पाहणारे, दुसरे, हरवण्याचाच विचार करणारे. दुसऱ्याला माझा विरोध नाही. १६८८ साली योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने बाझल येथे या व्याधीला नाव दिले, तेव्हा ती परमुलखातल्या स्विस माणसांची घरची ओढ होती. त्या व्याधीला निश्चित स्थळ होते, निश्चित कारण होते आणि घरी परतणे हा उपाय होता. आजच्या हळहळीला यांतले काहीच नको असते. तिला परतायचे नाही, कारण जाणून घ्यायचे नाही, आणि आपण काय गमावले यापेक्षा ते कोणी घेतले हा प्रश्न तर तिला असभ्यच वाटतो.

वियोग आणि कारण यांना एकत्र धरणारी रचना मराठीत नाही असे नाही. अण्णा भाऊ साठे यांच्या ‘माझी मैना गावावर राहिली’ या छक्कडीत मुंबईला आलेला माणूस मागे राहिलेल्या प्रियेसाठी झुरतो, आणि तेच झुरणे संयुक्त महाराष्ट्राच्या आणि सीमाभागाच्या प्रश्नापर्यंत जाते. तो विरह आहे. पण त्याला आपल्या ताटातुटीचा जबाबदार कोण हे ठाऊक आहे. जयंत पवार यांच्या ‘अधांतर’मध्ये गिरणी संपानंतरचे घर दिसते, तेथेही मागचे दिवस आठवले जातात, पण १८ जानेवारी १९८२ नंतर काय झाले हे कोणी विसरत नाही. या कृतींत शहर ही ओढ लावणारी मूर्ती नाही. ते एक चालू असलेले भांडण आहे. प्रेमपटांची चर्चा या कृतींच्या शेजारी ठेवून झाली असती, तर ती चर्चा समीक्षा ठरली असती.

रेमंड विल्यम्स यांनी ‘द कंट्री अँड द सिटी’ या १९७३ सालच्या ग्रंथात इंग्रजी ग्रामजीवनाच्या गौरवाविषयी जे दाखवले, ते येथे लागू पडते. प्रत्येक पिढी म्हणते, की चांगले दिवस आत्ताच, आमच्या लहानपणी संपले. मागे जावे तो आधीची पिढीही तेच म्हणत असते. मुंबईच्या बाबतीत हा जिना फार उंच नाही. चाळ मोडकळीस आल्याची आणि शेजार बदलल्याची खंत पु. ल. देशपांडे यांच्या ‘बटाट्याची चाळ’च्या शेवटी, १९५८ सालीच, येऊन गेली आहे. म्हणजे १९७० च्या दशकातील प्रेमपट ज्या मुंबईत घडतात, तीदेखील कोणाच्या तरी दृष्टीने हरवल्यानंतरचीच मुंबई होती.

४ जून २०२० रोजी बासू चटर्जी यांचे निधन झाले. त्या निमित्ताने त्यांच्या चित्रपटांतील लोकलगाडीविषयी, बसच्या रांगेविषयी, मोकळ्या रस्त्यांविषयी पुष्कळ हळवे लिहिले गेले. त्या दिवशी मुंबईच्या उपनगरी गाड्या २३ मार्चपासून बंद होत्या. रस्ते चित्रपटात आहेत त्याहूनही मोकळे होते. भाईंदर स्थानकाच्या पश्चिमेला बाजार शांत होता, आणि ज्यांची रोजची कमाई गाडीवर अवलंबून होती ती माणसे घरात बसून घरातले डबे मोजत होती. मोकळ्या मुंबईची इच्छा त्या दिवसांत पुरी झाली होती. ती तशी दिसते, आणि तिची किंमत कोण देतो, हे आपण सर्वांनी पाहिले. त्यानंतरही पडद्यावरच्या रिकाम्या रस्त्याला निरागस म्हणायचे असेल, तर ते अज्ञान राहत नाही. ती भूमिका होते, आणि भूमिकेला उत्तर द्यावे लागते.

या चित्रपटांवर माझे प्रेम नाही असे कोणी समजू नये. ‘घरोंदा’ मी वर्गात दाखवतो आणि यापुढेही दाखवीन. पण गाण्यापाशी थांबणार नाही. पैसे भरल्याच्या पावतीपासून सुरुवात करीन, आणि विद्यार्थ्यांना विचारीन की तुमच्या घरी अशी पावती आहे का. निम्म्यांच्या घरी असेल. तेथून जे बोलणे निघेल, ते नगरजाणिवेविषयी असेल. दुष्यंताला शकुंतला आठवली ती मुद्रिका हाती आल्यावर. आणि ती मुद्रिका आणणारा धीवर होता, राजदरबारातला रसिक नव्हता. राजाच्या शिपायांनी आधी त्याला चोर ठरवून बांधले होते. उत्तनच्या कोळीवाड्यापासून गिरगावच्या खोलीपर्यंत अशा पुष्कळ मुद्रिका आपल्या विद्यार्थ्यांच्या हाती आहेत. त्या घेऊन येणाऱ्याला ‘विषय मुंबई आहे’ असे सांगून परत पाठवणे आपण थांबवले पाहिजे.